मदत हवी आहे: तोंडाची आग, अमिट्रिप्टिलिन आणि कोरडं तोंड
पेशंट ५८ वर्षांच्या बाई. जिभेचं टोक आणि टाळू वर्षभर भाजल्यासारखे. सकाळी कमी, संध्याकाळी तिखट लागल्यागत आग. बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), साखर, थायरॉइड नॉर्मल. बुरशी नाही, कवळीही नाही. अमिट्रिप्टिलिन (नैराश्याचं जुनं औषध, कमी डोसमध्ये नसांच्या वेदनेवरही देतात) रात्री १० मिग्रॅ, दर आठवड्याला १० ने वाढवत ३० वर आणलं. आग निम्मी झाली, पण लाळ इतकी आटली की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. (कोरडेपणाने आग पुन्हा भडकते, हीच खरी गोची.)

नॉरट्रिप्टिलिनवर (त्याच गटातलं, तोंड तुलनेने कमी कोरडं करणारं) न्यावं, की ड्युलॉक्सेटिन (वेगळ्या गटातलं नैराश्य-वेदनेचं औषध) ३० मिग्रॅने सुरू करावं? क्लोनाझेपामची (झटके आणि घबराटीवरचं औषध) गोळी तीन मिनिटं चघळून थुंकायला लावणाऱ्यांचा अनुभव काय? या औषधांना अडसर ठरेल असं काही नाही: ईसीजी ठीक आहे, काचबिंदू नाही.