डिसेंबरात खान्देश: पाच दिवसांत काय जमतं, काय नाही

प्रेषक: जळगावकर

नमस्कार मंडळी,

नाताळाच्या सुट्टीत परदेशातून जळगावला येणं ठरलंय. पाच दिवस मोकळे आहेत. सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि आठ व बारा वर्षांची मुलं. यादी अशी: अजिंठा, पाटणादेवीचं मंदिर आणि पितळखोऱ्याची लेणी, मनुदेवीचा धबधबा, तोरणमाळचं थंड हवेचं ठिकाण (सकाळी जाऊन रात्री परत), पद्मालयाचा गणपती आणि शेतात भरीत पार्टी. भाड्याची गाडी घेणार. यात काय चुकतंय ते मोकळेपणी सांगा.

प्रेषक: एरंडोलकर

भाऊ, यादी चांगली आहे, पण ती पावसाळ्यातली रील्स पाहून केलेली दिसते. मनुदेवीचा धबधबा जुलै ते सप्टेंबर. नाताळात तिथे ओला कातळ दिसला तरी पुष्कळ. देवीच्या दर्शनाला जरूर जा, पण मुलांना धबधब्याचं आमिष दाखवून नेऊ नका. त्याच पट्ट्यात अडावदजवळ उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाणी बारा महिने पडतं आणि डिसेंबरातल्या सकाळी त्याचीच खरी मजा. जळगावहून विदगावचा तापी पूल, मग धानोरा, अडावद. टॉवेल आणि कपड्यांचा जादा जोड घ्या. मनुदेवी आणि उनपदेव मिळून अर्धा दिवस होतो. जेवायला घरी परत.

दुसरं, खान्देश नकाशावर दिसतो तेवढा आटोपशीर नाही. मुक्ताईनगर ते नवापूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरा. सकाळी उत्तरेला सातपुडा आणि दुपारी दक्षिणेला अजिंठा, असं केलं की दोन्ही ठिकाणी फक्त पार्किंग बघून होतं.

अजिंठ्याबद्दल सविस्तर, कारण गडबड तिथेच जास्त होते.

सोमवारी लेणी बंद. मंगळवारी वेरूळ बंद असतं, त्यामुळे संभाजीनगरला उतरलेले पर्यटक त्या दिवशी अजिंठ्याकडे वळतात. बुधवार किंवा गुरुवार धरा. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी गर्दी कळस गाठते, जमलं तर त्याच्या आधी उरका. लेणी 9 ला उघडतात. जळगावहून अंतर साठेक किलोमीटर, नेरी-पहूरमार्गे. सातला निघा. तुमची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. माणसं उशीर मोजताना हीच बस विसरतात: रांग, तिकीट आणि बस मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. बसचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं.

लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पासपोर्टवाल्यांना 600, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असेल तर भारतीय दर लागतो. ही सवलत अधिसूचनेत आहे, पण खिडकीवर मूळ कार्ड दाखवावं लागतं. मोबाइलमधला फोटो दाखवून हुज्जत घालण्यात अर्धा तास जातो. मुलांच्या वयासाठी पासपोर्ट जवळ ठेवा.

आत गेल्यावर नऊ-सव्वानऊच असतील तर आधी 1 आणि 2 नंबर. उशीर झाला असेल तर उलटं करा: सरळ टोकाला 26 पर्यंत चाला आणि बघत बघत मागे या, कारण सगळे गट 1 नंबरलाच तुंबलेले असतात. वेळ कमी पडला तर 1, 2, 16, 17, 19 आणि 26 सोडू नका. चित्रं जपण्यासाठी आत उजेड मंद ठेवलाय. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. बरीच माणसं तेवढ्यातच 'काही नाही इथे' म्हणून बाहेर पडतात. उभं राहा, डोळे सरावू द्या, मग बोधिसत्त्व पद्मपाणी चित्रात दिसायला लागतो (1 नंबरमध्ये, गाभाऱ्याकडे तोंड केलं की डावीकडे; उजवीकडे वज्रपाणी). फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढायची, म्हणून फीत नसलेले जोडे आणि जाड मोजे. दगड सकाळी गार असतो, दुपारी तापतो. आई-बाबांसाठी पायथ्याशी डोली मिळते. दर आधी ठरवा आणि 'येऊन-जाऊन, किती लेणी' हे स्पष्ट बोलून घ्या. खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं हिसकावून नेतात.

पाटणादेवी करा, पितळखोरा सोडा. पाटणादेवीकडून पितळखोऱ्याला वर जाणारी वाट डोंगरातली आहे, तिथे सत्तरीतल्या माणसांचं काम नाही. गाडीने जायचं तर कन्नड घाट चढून पलीकडून, आणि शेवटी पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. पाटणादेवीला मात्र गाडी मंदिराजवळ जाते. चाळीसगावहून 18 किलोमीटर. जळगाव-चाळीसगाव रस्त्याने तासन् तास घालवण्यापेक्षा रेल्वेने जा. मुंबईची मुख्य लाइन आहे, सकाळी गाड्या भरपूर, सव्वा तासाचा प्रवास. चाळीसगावला स्टेशनवरून दिवसभरासाठी वाहन ठरवा, आणि परतीचंही त्याच्याशीच ठरवा, जंगलात दुसरं मिळत नाही. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे, ऊन उतरायच्या आत बाहेर पडा. हेमाडपंती मंदिर नीट बघा. मुलांना गणित आवडत असेल तर एक सांगण्यासारखं: भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथल्याच पाटणचा. मठ काढणारा त्यांचा नातू चांगदेव. मुक्ताईनगरचा योगी चांगदेव वेगळा, घरातली वडीलधारी मंडळी हमखास घोळ करतात.

पद्मालय सोपं आहे. एरंडोलमार्गे, तळ्याकाठी, दोन गणपती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. चतुर्थी टाळा. सकाळी जाऊन दुपारी जळगावला परत या आणि ऊन टळेपर्यंत गांधी तीर्थ करा. 2012 साली उघडलेलं संग्रहालय आहे, दोन-तीन तास हवेत.

प्रेषक: शहादेकर

एरंडोलकर तोरणमाळावर काही बोलले नाहीत, ते बहुधा माझ्यासाठी ठेवलं असावं.

जळगावहून तोरणमाळ एका दिवसात? नको. चोपडा-शिरपूर-शहादा करत दोनशेच्या वर किलोमीटर एका बाजूचे, त्यात शेवटचा घाट. सकाळी सहाला निघालात तरी वर पोचायला दुपार. यशवंत तलावाला एक चक्कर आणि सीताखाईवर एक फोटो, की उतरायची वेळ. आणि उतरल्यावर खरी अडचण: डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. शहादा-शिरपूर पट्ट्यात उसाच्या जोडट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरत नाही. या रस्त्याला संध्याकाळी सहानंतर गाडी नसलेलीच बरी.

जायचंच तर दोन दिवस द्या. पहिला दिवस शिरपूर-शहादा-प्रकाशा. तिथे तापीकाठी केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर बघून शहाद्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे तोरणमाळ, दुपारी दोनला खाली, अंधाराआधी शिरपूरपलीकडे. नाहीतर वरच मुक्काम करा, पण जागा मोजक्या आहेत आणि नाताळात त्या आधीच भरतात. शहाद्यातच टाकी फुल करा, पैसे काढा, औषधं घ्या. पुढे रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. वर साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची आहे. जळगावात दुपारी अर्ध्या बाह्या चालतील, तिथे पहाटे कानटोपी लागते. मुलांना घाटात मळमळ होत असेल तर शहाद्यात भरपेट नाश्ता देऊ नका.

आणखी एक. दत्तजयंती तुमच्या तारखांत येत असेल तर सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोरणमाळापेक्षा सोयीची आहे. मार्गशीर्ष पौर्णिमा कधी डिसेंबराच्या सुरुवातीला, तर अधिक महिन्याच्या वर्षी अखेरीकडे येते, तेव्हा तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर बघा. रेल्वेने येणाऱ्यांना दोंडाईचा स्टेशन जवळ. घोडे बघायला सकाळी आठ-नऊला जा. मालक तेव्हा त्यांना फिरवून, चालवून दाखवतात. दुपारी नुसती धूळ.

प्रेषक: यावलकर

भरीत पार्टीचं मी सांगते. हाच सगळ्यात सोपा बेत आणि हाच बिघडतो.

वांगी भरताचीच घ्यायची: मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची. जांभळं वांगं आणून भरीत केलं तर आमच्याकडे त्याला कुणी भरीत म्हणणार नाही. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर कोवळं. जड असेल तर आत बिया. देठ काढू नका, भाजताना आणि सोलताना तोच दांडा.

वीस माणसांना सहा-सात किलो. किलोमागे आठ-दहा हिरव्या मिरच्या, एक लसणाचा गड्डा, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर सढळ हाताने. तेलात हात आखडू नका.

भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. त्या झर्रकन पेटतात, म्हणून सगळा भारा एकदम टाकायचा नाही. मोठ्या जाळात साल कोळसा होते, आत वांगं कच्चं राहतं, मग भरताला कडवट जळका वास आणि दाताखाली करकर. थोड्या थोड्या पऱ्हाट्या सारायच्या आणि वांगी फिरवत राहायची. देठाजवळ बोट दाबल्यावर रुतलं की झालं, कारण तो भाग शेवटी शिजतो. गरम असतानाच सोला. गार झालं की साल चिकटते.

मिरच्याही त्याच विस्तवावर भाजायच्या आणि लसणाबरोबर ठेचायच्या. मग वांगी लाकडी बडगीत घालून दांड्याने बडवायची. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याची लापशी होते, रेषा राहत नाहीत. मुलांसाठी वांगी बडवल्यावर, मिरची पडायच्या आधी वाटा बाजूला काढा. नंतर दही घालून तिखट कमी होत नाही, रडणं फक्त लांबतं. शेवटी शेंगदाणे-खोबऱ्याची फोडणी आणि पात.

सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी: तीन-चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि मीठ, एकत्र दळून. पीठ दोन दिवस आधी दळून घ्या, ऐनवेळी गिरणीत वीज नसते.

शेतमालकाला दोन गोष्टी आधी विचारा: पऱ्हाट्या उपटून वाळल्यात का, आणि आग शेजारच्या उभ्या पिकापासून किती लांब. पाण्याची बादली जवळ हवी. शेतच मिळालं नाही तर जळगावात थंडीत किलोवर भरीत मिळतं, पुऱ्यांसकट. तेही काही वाईट नसतं.

प्रेषक: जळगावकर

आभार मंडळी. तोरणमाळ आणि पितळखोरा कापले. गाडी ठरवताना काय विचारायचं? आणि हतनूर धरणावर पक्षी बघायला जाण्यात अर्थ आहे का?

प्रेषक: एरंडोलकर

गाडी: रोजचे किमान किलोमीटर किती धरतात (बहुतेक ठिकाणी 250 ते 300), म्हणजे पद्मालयासारख्या छोट्या दिवशी न फिरलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात. त्या दिवशी आठ तासांचं स्थानिक भाडं मागा. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि एसी धरून आहे का, आणि रात्रीचा जादा आकार किती वाजता सुरू होतो, हे लेखी मेसेजवर घ्या. सहा माणसं आणि चालक म्हणजे सात. सात सीटच्या गाडीत मागची रांग उघडली की सामानाला जागा राहत नाही, पण रोज जळगावला परतणार आहात तर चालून जाईल. आई-बाबांना मधली रांग, मुलं मागे.

हतनूर: हो, थंडीतच. सूर्योदयाला काठावर हवं, म्हणजे जळगावहून साडेपाचला निघणं. दुर्बीण नसेल तर ठिपके बघून याल. नंतर चांगदेवचं मंदिर, तापी-पूर्णेचा संगम आणि कोथळीला मुक्ताईची समाधी, सगळं पूर्वेच्याच दिशेला. दुपारी एकपर्यंत उरकतं.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. मुंबई-जळगावच्या नाताळातल्या रात्रीच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असेल, गजर लावा.