भावाला शोधणारी बहीण: आमच्या सिनेमासाठी तुमचे अनुभव हवेत

मी यावल तालुक्यातला. आम्ही काही मित्र मिळून एक रहस्यपट करतोय. गोष्ट अशी: एक तरुण रात्री केळीला पाणी द्यायला जातो आणि परत येत नाही. मोटरसायकल बांधावर, चपला मोटरच्या खोलीत. धाकटी बहीण त्याला शोधायला निघते. पैसे फारसे नाहीत. कॅमेरा म्हणजे मोबाईल, कलाकार गावातले, घर माझ्या मामाचं. पण केळीची बाग आहे, आणि थरारपटाला तिच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. डोक्यावर पानं, चारी बाजूंना सारख्याच ओळी, पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. मालेगावात 2000 च्या आसपास पॉवरलूमच्या कामगारांना घेऊन व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे निघाले आणि लोकांनी ते तिकीट काढून पाहिले. त्यामुळे पैशांचं कारण मी सांगत नाही.

अडलंय पटकथेत. बहीण जे जे करते ते सगळं कुठेतरी पाहिलेलं वाटतं. भिंतीवर फोटो आणि लाल दोरे, रात्रीतून फोनची माहिती काढून देणारा मित्र. आपल्याकडे घरातलं माणूस हरवलं तर भाऊ-बहीण खरोखर काय करतात? ज्यांनी असा शोध घेतला किंवा जवळून पाहिला त्यांनी लिहावं. नावं देऊ नका, गाव पुरे.

भुसावळ

माझा धाकटा भाऊ सहावीत असताना घरातून निघून गेला. आमचं घर स्टेशनजवळ, त्यामुळे शोध तिथूनच सुरू झाला. भुसावळकरांना वेगळं सांगायला नको, इथून एक लाइन खंडवा-इटारसीला, दुसरी अकोला-नागपूरला, आणि जळगावहून सुरतेला फाटा. पोरगं कुठल्या गाडीत बसलं असेल? आई दारातून हलेना, कारण तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर? वडील पोलीस ठाण्यात बसलेले. उरलो मी. शाळेच्या ओळखपत्रावरचा त्याचा फोटो घेऊन प्लॅटफॉर्मवर फिरत होतो. चहावाले आणि हमाल मान हलवायचे. शेवटी पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या पोरांपैकी एकाने सांगितलं, हा सुरतेच्या गाडीत चढला, खिडकीची जागा मिळावी म्हणून पळत होता.

सुरतेजवळ उधन्याला रेल्वे सुरक्षा दलाने त्याला उतरवून घेतलं होतं. आम्ही पोचलो, पण पोरगं लगेच हातात मिळालं नाही. अशा मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. तिथे जन्मदाखला, रेशन कार्ड, वडिलांचा जबाब. भावाला मात्र आम्हाला बाहेर बसवून एकट्याला विचारलं. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आज वाटतं, तेच बरोबर होतं. घरातून का पळालो हे घरच्यांच्या समोर कोणतं पोर सांगेल?

तुमच्या बहिणीला पहिला धागा द्यायचा असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या पोरांकडून द्या. ती सगळं बघतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

शिरपूर

तुमच्या गोष्टीत एक चांगली जागा आहे ती सोडू नका. शेतीची थ्री फेज लाइट आपल्याकडे पाळीपाळीने रात्री येते. मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात चाललेल्या माणसाचा कुणालाच संशय येत नाही, पाणी द्यायला निघाला असेल म्हणून सोडून देतात. म्हणजे त्या रात्री त्या रस्त्यावर कोण कोण होतं हे गावाने पाहिलंय, फक्त लक्षात ठेवलेलं नाही. बहिणीने लाइटच्या पाळीचा तक्ता काढला तर कुणाचा फीडर, म्हणजे शेताकडची वीजवाहिनी, त्या रात्री चालू होता आणि कोण उगाच बाहेर होता, ते तिला कळेल. त्याला हॅकर लागत नाही.

आणि भाऊ, मे महिन्यात शूटिंग ठेवू नका. 45 अंशांत मोबाईल तापून बंद पडतो. लग्नाचे व्हिडिओ काढतो, म्हणून सांगतोय.

धुळे

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. पहिली गोष्ट, '24 तास थांबा, मग तक्रार घेऊ' असा कुठलाही नियम नाही. सिनेमात हे वाक्य घालू नका, लोक खरं मानतात आणि मोलाचा वेळ घालवतात. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असतो. प्रौढ माणसाची मिसिंग म्हणून नोंद होते.

फोनचे कॉल तपशील मागवायला अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कंपनीला ते किमान 2 वर्षं जपून ठेवावे लागतात, म्हणजे उशीर झाला तर मिळतीलच असं नाही. आणि टॉवरवरून जागा कळते म्हणजे बोट ठेवता येत नाही. खेड्यात एका टॉवरखाली आजूबाजूची गावं येतात.

अनोळखी मृतदेह सापडला की हरवलेल्यांच्या नोंदींशी ताडून बघतात आणि घरच्यांना बोलावतात. ओळखायला वडील क्वचित येतात, भाऊ येतो. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही तेव्हा आम्ही शर्टाची कॉलर उलटून बघायचो. शिंप्याचं लेबल असतं, त्यावर दुकान आणि गाव. त्या लेबलवरून मी माणसांच्या घरापर्यंत पोचलोय. ओळखायला आलेला भाऊ 'हा नाही' म्हणतो तेव्हा त्याचे पाय कसे लटपटतात ते मी बघितलंय. सुटका वाटते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या नटीला एवढं जमलं तरी सिनेमा उभा राहील.

नंदुरबार

मी मोठी बहीण. भाऊ सुरतेला डाइंग मिलमध्ये होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो म्हणाला, आला नाही, फोन बंद. खोलीवर कपडे तसेच, पगार मिलमध्ये पडून. मी उधना, पांडेसरा, लिंबायत पायी फिरले. तिकडे आपली माणसं एवढी आहेत की अहिराणीतच विचारलं तरी चालतं. प्रत्येकाला कुणीतरी त्याच्यासारखा दिसलेला असायचा. आणि प्रत्येक ठिकाणी मला जावंच लागायचं.

खरा प्रश्न घरात आला. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात. काका नावं घेत होते आणि भावाच्या नावाशी त्यांचा हात थांबला. आई म्हणाली, "तेना नावना काढ. तो यी." काढले. तेव्हापासून दरवर्षी काढतात.

आखाजीला उलट. गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. काकूंनी हळूच विचारलं, त्याच्या नावाची भरायची का, उपाशी राहायला नको. आई त्या दिवशी काकूंशी बोलली नाही. मला मात्र काकूंचा राग येत नाही, त्यांनाही तो लेकासारखाच.

मग जमिनीची वाटणी निघाली. उताऱ्यावर त्याचं नाव आहे, सहीला माणूस नाही. वकील म्हणाले, सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं, पण घरच्यांपैकी कुणीतरी अर्ज करायला हवा. सात वर्षं कधीच उलटली. अर्ज कुणी करावा? माझ्याकडे बघतात सगळे. आई आहे तोवर मी सही करणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय.

जळगाव

नंदुरबारच्या ताईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आमच्याकडे वेगळं घडलं. बहीण सज्ञान होती, स्वतःहून गेली. पोलिसांना ती सापडली, तिचा जबाब झाला, आणि आम्हाला एवढंच कळलं की ती सुखरूप आहे आणि पत्ता सांगू नका असं तिने लिहून दिलंय. वडिलांनी आरडाओरडा केला. सज्ञान मुलीने नको म्हटल्यावर पोलीसही पत्ता देऊ शकत नाहीत. मी तिला लहानपणापासून सांभाळलं, मला एका शब्दाने बोलली नाही, हे दुखतं. पण तिचं लग्न कुणाशी लावायचं हे घरात ठरत होतं तेव्हा मी गप्प बसलो नव्हतो, आणि ते तिला माहीत आहे. म्हणून की काय, राखी येते. पाकिटावर पत्ता नसतो, पोस्टाचा शिक्का मी वाचत नाही.

तुमच्या सिनेमात भाऊ आपल्या मर्जीने गेलेला निघणार असेल तर ते प्रेक्षकाला चकवायला वापरू नका. जाण्यामागे त्याचं पूर्ण कारण असू द्या.

धडगाव

आम्ही पावरा आदिवासी. थोडक्यात लिहितो. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजारात, माझी लहान बहीण हात सुटून हरवली. भोंग्यावर मराठीत पुकारा चालला होता, तिला मराठी येत नव्हतं. मी वर चढून पावरीत बोललो, तेव्हा ती एका भांड्याच्या दुकानातून रडत बाहेर आली. दुकानदाराने तिला जवळ बसवून गोडीशेव खाऊ घातली होती.

दुसरं, सातपुड्यातले पाडे सिनेमात येतात ते मशाली, मंत्रतंत्र आणि गप्प उभी माणसं घेऊन. तुमची नायिका डोंगरात आली तर तिला आमच्याकडे पाणी आणि भाकर मिळेल आणि माणसं सोबत शोधायला निघतील. तसंच दाखवा.

धागा काढणाऱ्याकडून

सगळ्यांचं सगळं वाचलं, मित्रांना मोठ्याने वाचून दाखवलं. फोनची माहिती काढणारा मित्र पटकथेतून गेला. त्याच्या जागी लाइटच्या पाळीचा तक्ता आणि शर्टाचं लेबल आलं. 24 तासांचं वाक्य आम्ही खरंच लिहिलं होतं, तेही काढलं. पाड्यावरचा प्रसंग नव्याने लिहितोय, धडगावच्या भाऊंना दाखवल्याशिवाय तो शूट होणार नाही.

नंदुरबारच्या ताई, गव्हाच्या मुठीचा प्रसंग तुमच्या घरचा आहे. तुम्ही आणि आई हो म्हणाल तरच घेऊ, नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. शूटिंग दिवाळीनंतर. गोष्टीचा मधला भाग आता सुरतेला जातोय, तेव्हा लिंबायत-पांडेसऱ्यात राहणाऱ्या आपल्या माणसांनी जरूर लिहा: तिकडे कुणी खोलीवर परतला नाही तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं, आणि तो गावाकडे कुणाला फोन करतो?