जुना सबवूफर घुमतोय, रिपेअर करू की नवाच घेऊ? (नेरुळ)

नेरुळची_बासवाली
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ चा १० इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (बासचा स्पीकर, अ‍ॅम्प आतच) आहे, रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब, तो ठणठणीत, बाकीचे स्पीकरपण. गणपतीनंतर सबला काहीतरी झालंय, चालू केला की घुंऽऽ सुरू, पिक्चर लावलेला असो नसो, पुढचा दिवा लाल-हिरवा-लाल लुकलुकत राहतो आणि मधेच असा फट् करून वाजतो की सासूबाई आतून विचारतात काय फुटलं. कधी कधी अर्ध्या तासाने आपोआप नीट चालायला लागतो, मग मीपण विसरून जाते. कंपनीचं इथलं सर्व्हिस सेंटर बंद झालंय. वाशीत एकाला फोन केला तर म्हणे पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार, न बघताच! दुसरा म्हणाला हे मॉडेल आता कोणी हातात घेत नाही. नवऱ्याचं म्हणणं सगळं काढून साउंडबार घेऊ, हॉलमधली जागा तरी सुटेल. पण मला याचा आवाज आवडतो हो. काय करावं?

घणसोली_एक्सप्रेस
ताई सरळ नवा घ्या, एवढ्या वर्षांत पैसे वसूल झाले. आताचे सब क्लास डी अ‍ॅम्पवर चालतात, तापत नाहीत फारसे, वजनाला हलके, वर वॉरंटी. रिपेअरच्या नादी लागलं की आज हे गेलं उद्या ते गेलं. फक्त साउंडबार नको, त्याच्याबरोबरचा वायरलेस सब त्याच बारशी जोडला जातो, तुमच्या रिसीव्हरला तो लागणारच नाही, म्हणजे एका सबपायी चांगली सिस्टीम मोडीत. रिसीव्हरला सब-आउट आहे ना, मग कुठल्याही कंपनीचा अ‍ॅक्टिव्ह सब चालतो, एक आरसीए केबल लावली की झालं.

कळव्याचा_सोल्डर
एक्सप्रेसभाऊ साउंडबारचं बरोबर बोललात, पण नवा घ्या म्हणायच्या आधी मेलंय काय ते तरी बघू द्या त्यांना. अ‍ॅक्टिव्ह सब म्हणजे एका खोक्यात दोन वेगळ्या वस्तू, पुढे ड्रायव्हर, म्हणजे हलणारा कोन आणि त्याच्यामागची तारेची कॉईल, आणि मागे प्लेटवर बसवलेला अ‍ॅम्प, आणि बहुतेक वेळा जातो तो अ‍ॅम्प, खोका आणि ड्रायव्हर तसेच धडधाकट असतात.

ताई, आधी मागची आरसीए केबल काढा आणि नुसता सब चालू करा. घुंऽऽ बंद झाला तर सब निर्दोष आहे, केबल खराब असेल नाहीतर ग्राउंड लूप (दोन उपकरणांचं अर्थिंग केबलमधून एकमेकांना जोडलं जाऊन येणारी गुणगुण), आणि तो आपल्याकडे बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्सच्या केबलवाटे येतो. तरीही घुमत राहिला तर दुखणं आतलंच.

मग मेन प्लग काढून रात्रभर ठेवा, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, लगेच हात घालू नका. दुसऱ्या दिवशी प्लेटच्या कडेचे स्क्रू काढा, ड्रायव्हरच्या दोन वायरी कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून मग सोडवा. ड्रायव्हरला मल्टिमीटर लावा, ४ ओहमचा असेल तर साधारण ३ ते साडेतीन दिसेल, ८ चा असेल तर ६ च्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉईल तुटली. मीटर नसेल तर साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, कोन टुक्कन हलला की कॉईल जिवंत. आणि कोन दोन्ही हातांनी सारखा हळू आत दाबून बघा, खरखर लागली तर कॉईल घासतेय, तो खर्च वेगळा.

पण दिवा लुकलुकतोय आणि गरम झाल्यावर चालतोय म्हणजे मला वाटतं कपॅसिटर सुकलेत. सब ऑटोवर (आवाज आला की आपोआप चालू होणं) ठेवला की स्टँडबायचं सर्किट चोवीस तास चालू, त्यातले रेझिस्टर तापून तापून शेजारच्या कपॅसिटरचा जीव घेतात. बोर्ड तिथे तपकिरी झालेला असतो, बघितलं की कळेल.

नौपाडा_रेकॉर्ड
कोनच्या कडेची रिंगपण टॉर्च मारून बघा ताई. रबराची असेल तर सोडून द्या. फोमची असेल तर आपल्या हवेत एवढ्या वर्षांत तिचा भुगा व्हायला आलेला असतो, बोटाला चिकटते, तरी रीफोम होतो, त्यासाठी नवा सब नको. फक्त दुकानदाराला नुसतं "१० इंची" सांगू नका, रिंगचा आतला बाहेरचा व्यास मोजून द्या, नाहीतर जी हाताशी असेल ती चिकटवून देतात आणि कॉईल मधोमध बसत नाही.

नेरुळची_बासवाली
वा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं! केबल काढली, तरी घुमतोय. रिंग रबराचीच आहे. शेजारच्या मुलाचा मीटर आणला, ३.४ दाखवतोय, कोन दाबला तर खरखर नाही. प्लेट उघडली तर दोन रेझिस्टरखाली बोर्ड अगदी करपल्यासारखा आणि दोन छोटे कपॅसिटर वरून फुगलेत. म्हणजे सोल्डरकाका म्हणतात तेच ना? आता किती पैशांपर्यंत रिपेअर करावा?

कळव्याचा_सोल्डर
तेच. आता अख्खा डबा कुठे न्यायचा नाही, प्लेट तेवढी कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि न्या. न बघता बोर्ड बदला म्हणणाऱ्याकडे मात्र नको. सांगायचं, त्या भागातले सगळे कपॅसिटर बदला, फक्त फुगलेले दोन नाही, १०५ डिग्रीवाले लावा, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. रेझिस्टर जास्त वॅटचे आणि बोर्डपासून थोडे उचलून. जुने पार्ट परत मागा. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (मेनच्या वायरीत मधे जोडलेला साधा बल्ब, काही शॉर्ट असेल तर तोच पेटतो) लावूनच, थेट २३० वर नाही. सामान फार महाग नसतं, लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, पैसे आहेत ते हाताचे.

माझा हिशोब असा की नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत होत असेल तर डोळे झाकून करा. आउटपुटचे मॉसफेट (स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर) किंवा ट्रान्सफॉर्मर उडाला असेल तर त्या प्लेटचा नाद सोडा. पण डबा तेव्हाही फेकू नका! रिसीव्हरच्या सब-आउटमधून बास आधीच गाळून येतो, त्यामुळे घरात जुना स्टिरिओ अ‍ॅम्प असेल आणि तो ४ ओहम झेपणारा असेल तर त्याचा एक चॅनेल लावून हाच ड्रायव्हर वाजवता येतो. प्लेटच्या जागी प्लायवूड, कडेने गॅस्केट, कुठून हवा गळाली तर फुसफुसतो. फक्त आवाज बेताने ठेवा, कंपनीच्या प्लेटमध्ये त्या ड्रायव्हरच्या मापाचा बूस्ट (खालचा बास वाढवणारा) आणि लिमिटर (जास्त जोर रोखणारा) असतो, तो इथे मिळणार नाही, म्हणजे अगदी खालचा बास कमी होईल आणि जोर केला तर कोन आपटेल.

घणसोली_एक्सप्रेस
काका तिसरा हिस्सा मान्य, पण गॅरंटी काय? रिपेअरवाला तीन महिने देईल, नवीनला वर्षभर तरी मिळते.

कळव्याचा_सोल्डर
तीन महिने टिकला तर पुढेही टिकतो, चुकीचं सोल्डरिंग लगेच बोंब मारतं. आणि ताई, परत आला की ऑटोवर ठेवू नका, पिक्चर संपला की मागचं बटण बंद.

नेरुळची_बासवाली
ठरलं, आधी कपॅसिटर. शनिवारी प्लेट घेऊन जाते. नवऱ्याला प्लायवूडची आयडिया सांगितली, तर म्हणतो त्यापेक्षा साउंडबार स्वस्त.

घणसोली_एक्सप्रेस
ताई समजा साउंडबारच आला तर तो ड्रायव्हर भंगारात देऊ नका, मला सांगा, मी स्कूटर घेऊन येतो.