बाबांचं क्रिएटिनिन वाढलंय, डाळ-उसळ खरंच बंद करायची का?

रानजाई:
बाबांचं वय ६२, १५ वर्षांपासून शुगर आहे. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.८ आलं, ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ४२. डॉक्टर म्हणाले प्रोटीन कमी करा, पण किती ते विचारायचं आमचं राहूनच गेलं. तेव्हापासून वरण बंद, मटकीची उसळ बंद, अंडं बंद, नुसता भात नि भाजी, आणि महिन्याभरात ४ किलो उतरलेत, जिना चढताना पाय लटपटतात त्यांचे. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा काय खायला देऊ, फार काळजी वाटतेय.

कृष्णाकाठ:
ताई, आधी वरण परत सुरू करा. आईच्या वेळी आम्ही अगदी हेच केलं होतं आणि ती अंथरुणाला खिळली. कमी म्हणजे बंद नाही हो. डायलिसिस नसेल तर साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८. वाटीभर घट्ट वरणात ६-७, एका अंड्यात ६, पोळीत ३ च्या आसपास, म्हणजे घरचं साधं जेवण त्यात आरामात बसतं. पोटात कमी गेलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि त्यातूनही युरिया, म्हणजे किडनीला बाहेर टाकावा लागणारा कचरा, तयार होतोच, मग फायदा काय? बंद करायचं तर पापड, लोणचं, फरसाण करा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, छोटा चमचाभर, स्वयंपाकातलं धरून.

भाकरतुकडा:
+१. वडील डायलिसिसवर गेले तेव्हा डाएटिशियनने उलट प्रोटीन वाढवायला सांगितलं, किलोमागे १ ते १.२, कारण डायलिसिसमध्ये थोडं वाहून जातं. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा डाएट चार्ट बघून काही करू नका. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रोटीन) आणि रक्तातलं पोटॅशियम तपासलंय का? पोटॅशियम जास्त असेल तर नारळपाणी नको, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेत असतील तर आजच थांबवा, त्या किडनीला फार वाईट.

रानजाई:
अल्ब्युमिन केलंच नाही, पोटॅशियम ५.४ आहे. मीठ कमी करायचं म्हणून आम्ही लो सोडियमवालं आणलंय, ते चालेल ना?

भाकरतुकडा:
अजिबात नको! त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आधी ते काढा, साधंच मीठ थोडं वापरा. आणि ५.४ म्हणजे जास्त आहे, हे उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

रानजाई:
बरणी काढून ठेवली. सकाळी फोन करते. आज रात्री वाटीभर मुगाचं वरण देतेय त्यांना.