ऑगस्टपासून मेडिकेअर, मग यंदा एचएसएमध्ये (आरोग्यखर्चासाठीचं टॅक्स वाचवणारं बचत खातं) किती टाकता येतील?

एडिसनकर_काका:
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असतो, मार्च २०२५ ला ६५ पूर्ण झाली पण नोकरी चालू ठेवली, कंपनी मोठी आहे म्हणून मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा) अजून घेतलेलं नाही, सोशल सिक्युरिटीही (सरकारी पेन्शन) सुरू केली नाही. आता ३१ जुलै २०२६ ला रिटायर होतोय आणि १ ऑगस्टपासून मेडिकेअर हवंय. हाय डिडक्टिबल (आधी बराच खर्च स्वतः करायचा, मग विमा देतो असा) फॅमिली प्लॅन आहे, बायको (६१) माझ्याच प्लॅनवर. एचएसएची यंदाची फॅमिली लिमिट ८,७५० आणि पंचावन्नच्या पुढे १,००० जास्त, म्हणजे ९,७५० डॉलर. एचआरमधल्या बाई म्हणतात सगळे भरा, काही होत नाही. मला वाटतं सात महिन्यांचेच, ५,६८७ च्या आसपास. एप्रिलपर्यंत पगारातून २,६०० गेलेत. कोण बरोबर?

फ्रीमाँटची_ताई:
काका, एचआरचं ऐकू नका. मेडिकेअरचा कुठलाही पार्ट ज्या महिन्यात सुरू होतो त्या महिन्याच्या १ तारखेपासून तुमची लिमिट शून्य, आधीच्या महिन्यांचेच बारावे हिस्से धरायचे. कंपनी तुमच्या एचएसएत काही घालत असेल तर तेही त्याच लिमिटमध्ये मोजतात.

जुना_टॅक्सवाला:
थांबा थांबा, सात महिने पण नाही हो! पासष्टीनंतर अर्ज केला की पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) मागच्या तारखेपासून लागू होतो, सहा महिने मागे. जुलैत अर्ज केलात तर पार्ट ए थेट जानेवारीपासून, म्हणजे २०२६ साठी तुमची लिमिट शून्य. माझ्या स्वतःच्या बाबतीत हेच झालं, मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि जास्तीच्या पैशांवर ६ टक्के दंड बसला, आणि तो एकदाच नाही, पैसे काढेपर्यंत दरवर्षी बसतो. म्हणून पगारातली कपात आजच बंद करा आणि ते २,६०० त्यावरच्या कमाईसकट टॅक्स रिटर्नच्या मुदतीआधी एचएसए कंपनीला सांगून परत काढा, म्हणजे दंड लागणार नाही, फक्त त्यावर नेहमीचा टॅक्स भरावा लागेल. आणि कृपा करून जूनमध्ये अर्ज करू नका, नाहीतर पार्ट ए डिसेंबर २०२५ पर्यंत मागे जाईल आणि मागच्या वर्षाचाही हिशोब बिघडेल. जुलैत करा, पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) १ ऑगस्टपासून मिळतो. एचआरकडून एल५६४ फॉर्म (नोकरीतून विमा होता याचा दाखला) मात्र आत्ताच भरून घ्या.

एडिसनकर_काका:
बाप रे, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. खूप आभार. म्हणजे यंदाची सगळी सवलत गेलीच म्हणायची?

फ्रीमाँटची_ताई:
नाही ना, काकू आहेत की! त्या मेडिकेअरवर नाहीत आणि फॅमिली प्लॅनवर आहेत, त्यामुळे त्यांच्या नावाने वेगळा एचएसए उघडा. सात महिन्यांचे तेच ५,६८७ त्यांच्या खात्यात जाऊ शकतात, त्यांचे स्वतःचे जास्तीचे १,००० त्यातच धरलेत. ऑगस्टपासून त्यांना मार्केटप्लेसचा (स्वतः विमा घ्यायचा सरकारी बाजार) प्लॅन घ्यावा लागला तर ब्राँझ (कमी हप्त्याचा वर्ग) बघा, २०२६ पासून तिथले सगळे ब्राँझ प्लॅन एचएसएला चालतात, मग उरलेल्या पाच महिन्यांचे एकटीच्या लिमिटने (४,४०० अधिक १,०००) आणखी २,२५०. १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात, घाई नाही. फक्त तुमच्या न्यू जर्सीत आणि आमच्या कॅलिफोर्नियात स्टेट टॅक्सला ही सवलत धरत नाहीत, फेडरललाच मिळते.

एडिसनकर_काका:
उद्याच बँकेत जातो दोघं. आणि माझ्या खात्यात आधीपासूनचे जे आहेत ते?

जुना_टॅक्सवाला:
ते तुमचेच, कुठे जात नाहीत. पार्ट बी आणि डी (औषधांचा भाग) चे प्रीमियम त्यातून टॅक्स न लागता भरता येतात, मेडिगॅपचा (मेडिकेअरला जोडून घ्यायचा खाजगी पूरक विमा) नाही चालत.