मदत हवी आहे: अदाना कबाब सळईवरून गळून पडतो

नीलांबरी:
येत्या शनिवारी घरी पाहुणे येणार आहेत आणि दोनदा करून पाहूनही माझा अदाना कबाब (सळईवर भाजायचा तुर्की खिमा कबाब) सळईवर टिकलेला नाही. सळईला खिमा नीट बसतो, पण निखाऱ्यांवर धरल्यावर दोन मिनिटांत मधोमध चीर पडते आणि उलटायला जावे तर अर्धा कबाब राखेत जातो. मीठमसाला सगळा घातला होता. काय चुकते आहे, हे कृपया लवकर सांगावे.

पाटावरवंटा:
मांस कोणते, चरबी किती आणि सळई गोल की चपटी, हे कळल्याशिवाय काय सांगणार? आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. तुम्ही कोकराचे आणले होते का?

खवय्या_मुलुंड:
किलोभर खिम्यात एक अंडे आणि चार चमचे डाळ्याचे पीठ घाला. आमच्या घरी सीख कबाब कित्येक वर्षे असेच होतात आणि एकदाही तुटलेले नाहीत.

उत्तररात्र:
तो सीख कबाब झाला, अदाना नव्हे. अदाना कबाबाला तुर्कस्तानात 2005 साली भौगोलिक मानांकन मिळाले असून, कोकराचे मांस आणि त्याच्या शेपटीची चरबी ‘झिर्ह’ नावाच्या कमानदार सुऱ्याने हाताने बारीक करायची, त्यात लाल मिरची आणि मीठ घालायचे, अशी त्याची रीत आहे. अंडे किंवा पीठ त्यात येत नाही.

खवय्या_मुलुंड:
रीत मान्य आहे, पण त्यांना शनिवारी पाहुण्यांना जेवू घालायचे आहे. घरी कमानदार सुरा कुणाकडे असतो?

नीलांबरी:
सांगायचे राहिले, क्षमस्व. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. तुर्की खाटकाकडून कोकराचा खिमा घेतला, पण चरबी काढून टाकायला सांगितली होती. त्यात दोन कांदे किसून घातले. सळया गोल आणि बारीक आहेत.

उत्तररात्र:
मग कारणे तुम्हीच सांगितलीत. पाच भागांत एक भाग शेपटीची चरबी हवी. किसलेल्या कांद्याचे पाणी खिमा सैल करते, म्हणून कांदा वगळा आणि ढोबळी लाल मिरची घालणार असाल तर बारीक चिरून घट्ट पिळून घ्या. किलोला साधारण 15 ग्रॅम मीठ घालून थंडगार खिमा इतका मळा, की मांसातली प्रथिने सुटून त्याला चिकटपणा येईल. मूठभर खिमा तळहातावर थापून हात उलटा केला तरी तो पडता कामा नये. गोल सळई फिरवली की ती आतल्या आत फिरते आणि मांस जागच्या जागी राहते, त्यामुळे बोटभर रुंदीच्या चपट्या सळयाच घ्या. पहिली बाजू पांढरी पडू लागताच उलटा. एकाच बाजूने फार वेळ भाजू नका.

माईंचे_स्वयंपाकघर:
सोबत पातळ चिरलेला कांदा सुमाक (आंबट लाल मसाला) आणि मीठ लावून चुरून ठेवावा आणि लवाश (पातळ रोटी) शेवटी कबाबावरच दाबून गरम करावी, म्हणजे सुटलेली चरबी तिला लागते.

नीलांबरी:
चपट्या सळया त्याच दुकानाशेजारी मिळाल्या आणि खाटकाने शुक्रवारी चरबी काढून ठेवायचे कबूल केले आहे. खिमा आदल्या रात्री सळईला लावून ठेवला तर चालेल का?

उत्तररात्र:
रात्री फक्त मळून फ्रिजमध्ये ठेवा. सळईला भाजण्याच्या तासभर आधी, ओल्या हाताने लावा आणि दोन्ही टोके नीट चिमटून बंद करा.