गोव्याहून गाड्या येतात, पण आरोंद्यात पैसा थांबत नाही. काय करावं?

खाडीकाठची वहिनी (आरोंदा)
आमचं घर सिंधुदुर्गात, तेरेखोल खाडीच्या काठाला. समोर दिसतो तो गोवा, मधे नुसतं पाणी. दोन खोल्या निवास-न्याहारीला दिल्यात. पलीकडे गोव्यात मोपा विमानतळ झाल्यापासून किरणपाणीच्या पुलावरून गाड्या वाढल्या. गेल्या रविवारी सहा पाहुणे आले. माडाखाली सतरंजी टाकून गोव्याहून आणलेले बिर्याणीचे डबे उघडले. माझ्या चुलत सासऱ्यांनी त्यांना दोन तास होडीतून कांदळवनात फिरवलं, त्यांना घेऊन आलेल्या एजंटने हातावर आठशे टेकवले. त्यांच्यातली एक बाई हात धुवायला मागीलदारी आली, तिच्याकडून कळलं, माणशी बाराशे घेतले होते. चुलीवर तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, एकशिपी होतं. वासाने ती थबकली, “हे मिळेल का?” म्हणाली. तोवर एजंटने हॉर्न वाजवला.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी शाळेत होते. आज वाडीतली पोरं पलीकडच्या हॉटेलांत खोल्या लावायला जातात. एजंटशी मला भांडायचं नाही, गिऱ्हाईक तोच आणतो. पण जेवण आणि होडी आमच्या दराने कशी जमवायची?

वेंगुर्लेकर
ताई, एकट्याचा दर टिकत नाही. एक आठशेला नको म्हणाला की शेजारचा सातशेला जातो. आमच्याकडे वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, दर गटाचा. आधी होडीवाल्यांना एकत्र बसवा.

केरीचा गाडीवाला
मी पलीकडचा. रागावू नका, डबे का आणतो ते सांगतो. मागे तुमच्या बाजूला बारा जणांचं जेवण सांगितलं होतं. पोचलो तर मासळीच आली नव्हती. त्यात ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली. पाहुण्यांची बोलणी मी खाल्ली. आदल्या रात्री ताटाचा भाव आणि भरतीची वेळ व्हॉट्सअॅपवर आली तर डबे कशाला वाहीन? तेरेखोल किल्ला गोव्याचा, पण नदीच्या तुमच्या काठावर. फेरीबोटीने तिकडे उतरलेले पाहुणे रेडीच्या गणपतीला जातातच, तिथून आरोंद्याला आणीन.

खाडीकाठची वहिनी
दादा, ओहोटीचं म्हणता ते खरं आहे, वेळ आम्हीच सांगायला हवी. काल चार होडीवाले आमच्या पडवीत बसले. होडीचे दीड हजार, सहाच्या वर माणूस घ्यायचं नाही. तिघे हो म्हणाले, एक उठून गेला. त्याच्या घरी मी उद्या जाणार आहे. ताट अडीचशे: भात, तिसऱ्या, सोलकढी, मासे न खाणाऱ्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं. शनिवारी भरती अकराच्या सुमाराला आहे. माणसं किती ते शुक्रवारी रात्री आठच्या आत कळवा, तिसऱ्या पहाटेच काढाव्या लागतात.